विश्लेषण : पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला का विकता येत नाही?

समजा, एखाद्या वास्तुविशारदाने पंचवीस वर्षे चालवलेले कार्यालय बंद करायचे ठरवले. टेबल-खुर्च्या, कपाटे, एसी, मोठे नकाशे छापणारा प्लॉटर, संगणक या सगळ्यांना गिऱ्हाईक मिळते. जुन्या मालाला भाव कमी येतो, पण येतो. कपाटात आणखी एक खोके असते. त्यात आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी, अनुक्रमांक आणि पावती. घेताना त्यासाठी फर्निचरपेक्षाही जास्त पैसे मोजलेले असतात. नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या एखाद्या तरुणाला ते निम्म्या दरात हवेही असते. पण सोबतच्या बारीक अक्षरांतल्या कराराचा अर्थ असा असतो, की हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेले नाही, फक्त वापरायला दिले आहे. ते दुसऱ्याला देता येणार नाही.

पैसे पूर्ण घेतले, मुदत घातली नाही, वस्तू कधी परत मागितली नाही, तरीही विक्री झालीच नाही, असे कसे? हा प्रश्न अमेरिका आणि युरोपमधल्या न्यायालयांत गेला आणि दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरे मिळाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने करप्रकरणात जे सांगितले, तेही ग्राहकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुस्तक विकता येते, मग सॉफ्टवेअर का नाही?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दरवर्षी जुनी क्रमिक पुस्तके विकली जातात. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या कादंबऱ्या मिळतात. त्यासाठी लेखकाची वा प्रकाशकाची परवानगी कुणी मागत नाही, कारण ती लागत नाही. पुस्तकाची प्रत एकदा विकली की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. मजकुराचा कॉपीराइट लेखक-प्रकाशकाकडेच राहतो. त्यामुळे प्रत विकता येते, पण तिच्या झेरॉक्स काढून विकता येत नाहीत. याला ‘पहिल्या विक्रीचे तत्त्व’ म्हणतात.

हे तत्त्वही भांडूनच मिळाले आहे. बॉब्स-मेरिल या अमेरिकी प्रकाशकाने ‘द कॅस्टअवे’ या कादंबरीत सूचना छापली होती, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकल्यास तो कॉपीराइटचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पुस्तकात सूचना छापल्याने पुढच्या विक्रीवर प्रकाशकाला बंधन घालता येणार नाही. म्हणजे वस्तूला चिकटवलेल्या कागदाने खरेदीदाराचा हक्क काढून घेता येतो का, हा वाद सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीचा आहे.

परवान्याची पद्धत कुठून आली?

सुरुवातीला सॉफ्टवेअर संगणकाबरोबरच येई, त्याची वेगळी किंमत नसे. १९६९ मध्ये आयबीएमने ते यंत्रापासून वेगळे करून विकण्याची घोषणा केली. तेव्हा प्रोग्रॅमला कॉपीराइटचे संरक्षण आहे की नाही, हेच स्पष्ट नव्हते. त्यामुळे कंपन्यांनी करारावर भर दिला. अमेरिकेने १९८० मध्ये आणि भारताने १९८४ मध्ये कायदा दुरुस्त करून संगणक प्रोग्रॅमला कॉपीराइटच्या छत्राखाली घेतले. ज्या अनिश्चिततेमुळे परवाना आला ती संपली, परवाना मात्र राहिला.

पुस्तक आणि सॉफ्टवेअर यांत एक खरा फरक आहे. पुस्तक वाचताना त्याची नक्कल होत नाही. सॉफ्टवेअर चालवायचे तर ते संगणकात उतरवावे लागते, म्हणजे नक्कल होतेच. ही नक्कल करण्याची परवानगी म्हणजे परवाना, असा कंपन्यांचा मूळ युक्तिवाद. तो चुकीचा नाही. पण नक्कल करण्याची परवानगी आणि मूळ प्रत पुढे न विकण्याची अट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. करारात त्या एकाच परिच्छेदात येतात आणि आपण ‘मी सहमत आहे’वर बोट टेकवून मोकळे होतो.

अमेरिकेतल्या खटल्यात काय झाले?

सिएटल परिसरातले टिमोथी व्हर्नर ईबे या संकेतस्थळावर जुन्या वस्तू विकून उदरनिर्वाह करत. त्यांच्या हाती ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या चौदाव्या आवृत्तीच्या काही वापरलेल्या प्रती आल्या. त्यांतल्या काही त्यांनी २००७ मध्ये एका वास्तुविशारद संस्थेकडून घेतल्या होत्या. व्हर्नर यांनी त्या ईबेवर मांडल्या. ऑटोडेस्क कंपनी कॉपीराइट भंगाची तक्रार करून त्या काढायला लावी आणि व्हर्नर त्या पुन्हा मांडत. अखेर तेच न्यायालयात गेले.

खालच्या न्यायालयाने व्हर्नर यांच्या बाजूने कौल दिला. सप्टेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. न्यायालयाने तीन कसोट्या लावल्या. करारात ‘परवाना’ हा शब्द आहे का, हस्तांतरावर मोठे निर्बंध आहेत का आणि वापरावर लक्षणीय बंधने आहेत का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर ग्राहक मालक नाही, केवळ परवानाधारक आहे. जो मालक नाही त्याला विकता येत नाही, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्यालाही विकता येत नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

या निकालाची अडचण सरळ आहे. तिन्ही कसोट्यांची उत्तरे विकणाऱ्यानेच लिहिलेल्या कागदावरून मिळतात. व्यवहार विक्रीचा की परवान्याचा, हे विक्रेत्याच्याच शब्दांवरून ठरणार असेल, तर १९०८ च्या निकालात जे नाकारले गेले तेच वेगळ्या नावाने परत आले म्हणायचे.

पण कंपनीच्या बाजूनेही एक मुद्दा होता आणि तो सोडून चालणार नाही. व्हर्नर यांना प्रती देणाऱ्या संस्थेने ऑटोकॅडची पुढची आवृत्ती सवलतीत घेतली होती. जुन्या प्रती नष्ट करायच्या, ही त्या सवलतीची अट होती. संस्थेने सवलत घेतली आणि जुन्या प्रतीही विकल्या. याला हक्क बजावणे म्हणता येणार नाही.

युरोपने उलट उत्तर का दिले?

जर्मनीतील यूजसॉफ्ट ही कंपनी वापरलेल्या सॉफ्टवेअरचे परवाने विकत घेऊन पुढे विकत असे. त्यात ओरॅकलचे परवानेही होते. ओरॅकलने दावा लावला. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला, की पूर्ण मोबदला घेऊन मुदतीविना वापराचा हक्क दिला असेल, तर तो व्यवहार विक्रीच आहे. कराराला ‘परवाना’ म्हटले आणि हक्क हस्तांतरणीय नाही असे लिहिले, तरी विक्रीची विक्रीच राहते. सॉफ्टवेअर सीडीवर दिले की इंटरनेटवरून उतरवून घेतले, यानेही फरक पडत नाही.

न्यायालयाने अटीही घातल्या. विकणाऱ्याने आपल्याकडची प्रत वापरता येणार नाही अशी करायला हवी. पंचवीस जणांसाठी एकत्र घेतलेला परवाना तोडून, त्यातले दहा स्वतःकडे ठेवून पंधरा विकता येणार नाहीत. पुढे २०१६ मध्ये याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की मूळ सीडी खराब झाली वा हरवली म्हणून तिची बॅकअप प्रत विकता येणार नाही.

अमेरिकी न्यायालयाने कागदावरचे शब्द पाहिले. युरोपीय न्यायालयाने पैसे कशाचे आणि किती काळासाठी घेतले ते पाहिले. सामान्य माणूस व्यवहाराकडे दुसऱ्याच नजरेने पाहतो.

अर्थात, युरोपातही ही मुभा सरसकट नाही. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांच्या बाबतीत वेगळा कायदा लागू करून वापरलेल्या ई-पुस्तकांची विक्री मान्य केली नाही. व्हिडीओ गेमच्या पुनर्विक्रीला पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेली मान्यता तिथल्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली.

भारतातला कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार साहित्यकृतीच्या प्रती लोकांसाठी प्रसृत करण्याचा हक्क मालकाचा आहे. पण ‘आधीच प्रसारात असलेल्या’ प्रती त्यातून वगळल्या आहेत. जुन्या पुस्तकांची विक्री याच शब्दांवर उभी आहे. संगणक प्रोग्रॅम हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीच आहे.

प्रोग्रॅमसाठी मात्र याच कलमात आणखी एक पोटकलम आहे. प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा वा व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क ते कॉपीराइटच्या मालकाला देते. १९९४ च्या दुरुस्तीत त्यात असे शब्द होते, की ती प्रत आधी विकली गेली असली किंवा नसली तरी हा हक्क राहील. म्हणजे पुनर्विक्रीवरही मालकाचा ताबा. १९९९ च्या दुरुस्तीत संसदेने हे शब्द प्रोग्रॅमपुरते काढून टाकले. त्यांच्या जागी ‘पुनर्विक्री करता येईल’ असे स्पष्ट वाक्य मात्र घातले नाही.

कलम ५२ मधला एक तपशीलही महत्त्वाचा आहे. प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला त्या कामासाठी वापरण्याची आणि हानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप घेण्याची मुभा तिथे आहे. ही मुभा प्रतीचा कायदेशीर ताबा असलेल्या व्यक्तीला आहे. ‘परवानाधारक’ हा शब्द तिथे वापरलेला नाही.

याहून मोठी गोष्ट घडली ती करांच्या वादात. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीडीवर विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ असल्याचे सांगून त्यावरील विक्रीकर योग्य ठरवला. त्यानंतर २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनीअरिंग अ‍ॅनालिसिस’ प्रकरणाचा निकाल आला. परदेशी कंपन्यांकडून आणलेल्या सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम ही कॉपीराइट वापरण्याबद्दलची रॉयल्टी आहे, म्हणून त्यावर कर कापा, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. कंपन्यांचे म्हणणे होते, की हा कॉपीराइटचा व्यवहार नाही, एका वस्तूची विक्री आहे. न्यायालयाने कंपन्यांचे म्हणणे मान्य केले. करारात निर्बंध असले तरी ग्राहकाला मिळते ती सॉफ्टवेअरची प्रत, कॉपीराइट नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. कलम १४ मधल्या त्या पोटकलमाचा रोख प्रोग्रॅमच्या नकला करून विकण्यावर आहे, असेही नमूद केले.

हा खटला कराचा होता. ग्राहकाने वापरलेली प्रत विकण्याचा प्रश्न त्यात नव्हता, त्यामुळे तो पुनर्विक्रीचा परवाना समजू नये. पण या उद्योगाची विसंगती त्यातून उघड होते. कर खात्यासमोर ‘आम्ही वस्तू विकली’ आणि ग्राहकासमोर ‘आम्ही काहीच विकले नाही, वापरायला दिले’. या दोन्ही भूमिका एकाच वेळी प्रामाणिक असू शकत नाहीत.

कंपन्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही का?

आहे. पुस्तकाची पाने पिवळी पडतात, गाडी झिजते, म्हणून जुन्या वस्तूला नवी वस्तू स्पर्धक ठरते. सॉफ्टवेअरची दहाव्या हातातली प्रतही पहिल्यासारखीच चालते. शिवाय विकणाऱ्याने आपली प्रत खरोखर पुसली का, हे घेणाऱ्याला दिसत नाही.

दुसरा मुद्दा किमतींचा. विद्यार्थ्यांना, शाळांना, कमी उत्पन्नाच्या देशांना सॉफ्टवेअर स्वस्तात देता येते, कारण ते तिथून उचलून महाग बाजारात विकता येत नाही. पुनर्विक्री पूर्ण मोकळी केली तर या सवलती आटतील, ही भीती अनाठायी नाही. दोन-चार जणांनी मिळून मराठी टंकलेखनाचे वा दुकानाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवले असेल, तर त्यांच्या पोटाचाही प्रश्न आहे.

या दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. ऑनलाइन सक्रिय होणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या संगणकावरचा परवाना बंद करून नव्यावर चालू करणे कंपनीला तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. संगणक बदलला की ग्राहकासाठी अनेक कंपन्या हेच करतात. तीच सोय दुसऱ्या नावावर करण्यात अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे. सवलतीच्या परवान्याबाबत ‘सवलतीत घेतले आहे, म्हणून हस्तांतर नाही’ ही अट न्याय्य ठरेल, कारण त्या बंधनाचा मोबदला ग्राहकाला आधीच मिळालेला असतो. पूर्ण किंमत मोजणाऱ्यावर मात्र तेच बंधन का?

ऑनलाइन मिळणारी अतिस्वस्त ‘की’ म्हणजे सेकंडहँड सॉफ्टवेअर का?

नाही, आणि हा गोंधळ ग्राहकाला महागात पडतो. मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वा ऑफिस सॉफ्टवेअरच्या ‘की’मागे कुणीतरी आपली प्रत बंद केलेली असतेच असे नाही. मोठ्या संस्थेसाठी दिलेला एकच क्रमांक अनेकांना विकलेला असू शकतो, किंवा तो चोरलेल्या कार्डावर खरेदी केलेला असू शकतो. यूजसॉफ्टच्या निकालातल्या अटी अशा विक्रीला लावल्या तर ती युरोपातही टिकणार नाही.

भारतात कलम ६३ ब नुसार, कॉपीराइटचा भंग करून बनवलेली प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते.

सेकंडहँड लॅपटॉप घेतानाही हेच पाहावे. उत्पादकाने यंत्रासोबत दिलेली विंडोज त्या यंत्राला बांधलेली असते आणि साधारणपणे यंत्रासोबतच नव्या मालकाकडे जाते. दुकानदाराने वरून भरून दिलेल्या सॉफ्टवेअरचे तसे नसते. त्याची पावती आणि परवाना मागायला संकोच करू नये.

आता सगळेच भाड्याने मिळत असताना हा वाद शिळा झाला का?

उलट तो अधिक निकडीचा झाला आहे. अडोबीने २०१३ मध्ये आपली मुख्य सॉफ्टवेअर यापुढे मासिक-वार्षिक वर्गणीवरच देण्याची घोषणा केली. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. यूजसॉफ्टचा निकाल कायमच्या हक्कापुरता आहे. भाड्याला तो लागू होत नाही. म्हणजे पुनर्विक्रीचा हक्क जिथे मिळाला, तिथे विकण्याची पद्धतच मागे पडत गेली.

भाडे घेण्यात गैर काही नाही. घरही भाड्याने मिळते. पण भाडेकरूला आपण भाडेकरू आहोत हे माहीत असते. डिजिटल दुकानात ‘खरेदी करा’ असे बटण असते आणि मिळते ते भाड्याहूनही कमकुवत काहीतरी. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलवर विकलेल्या जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या यंत्रांतून परस्पर पुसल्या. त्या आवृत्तीच्या प्रकाशकाकडे हक्क नव्हते आणि पैसेही परत केले गेले. तरी विकलेले पुस्तक वाचकाच्या घरातून दुकानदार उचलून नेऊ शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले. मार्च २०२४ अखेर यूबीसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला तो गेम खेळता येईनासा झाला.

कॅलिफोर्नियाने यावर एक साधा कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर ते स्पष्टपणे सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूसाठी ‘खरेदी’ हा शब्द विक्रेत्याला वापरता येत नाही. यातून पुनर्विक्रीचा हक्क मिळत नाही. पण पैसे देण्याआधी खरे काय ते कळते.

मग काय व्हायला हवे?

भारताने पहिली गोष्ट करावी ती शब्दांची. भाडे असेल तर भाडे म्हणा, मुदत असेल तर ती किमतीशेजारी लिहा. दुसरी गोष्ट कायद्याची. १९९९ मध्ये संसदेने अर्धे काम केले. उरलेले अर्धे एका वाक्याचे आहे. पूर्ण मोबदला देऊन मुदतीविना घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत, स्वतःकडची प्रत बंद करून, दुसऱ्याला हस्तांतरित करता येईल आणि त्याविरुद्धची करारातली अट लागू होणार नाही, एवढे कलम १४ मध्ये लिहायला हवे. तिसरी गोष्ट ग्राहक आयोगांची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली असून राज्य व राष्ट्रीय आयोगांना त्याविरुद्धच्या तक्रारी ऐकता येतात. न वाचता ‘सहमत’ व्हावे लागणारे करार या कसोटीवर तपासले जायला हवेत.

ग्राहकाची बाजूही तितकीच काटेकोर असावी लागेल. सीडी विकायची आणि सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर तसेच ठेवायचे, हे अनेकांनी केले आहे. त्याला पुनर्विक्री म्हणत नाहीत, ती चोरीच. ‘विकले म्हणजे माझ्याकडे राहिले नाही’ हा नियम ग्राहकाने पाळला, तरच तोच नियम कंपनीला सांगण्याचा अधिकार त्याला येतो.

कार्यालय बंद करणाऱ्या त्या वास्तुविशारदाला फुकट काही नको आहे. त्याने किंमत दिली, सॉफ्टवेअर वापरले, आता ते पुसून दुसऱ्याला द्यायची त्याची तयारी आहे. घेणाऱ्या तरुणालाही चोरीची प्रत नको, परवडणारी खरी प्रत हवी आहे. हा सरळ रस्ता बंद ठेवला, तर तो तरुण कुठे वळेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पायरसीविरुद्ध बोलणाऱ्या कंपन्यांनी आणि कायदा करणाऱ्यांनी आधी हा रस्ता उघडावा.